चौथ्या पायरीपर्यंत

सांत्रमध्ये तू नेमकं काय करत होतास, असं लोक मला विचारतात. मी पायऱ्या करत होतो. हसू नका. आमच्या उसाच्या बेटावर, कार्तिए मिलितेर गावाच्या वरच्या अंगाला, जिथे वर्षातले आठ महिने कपडे धड वाळत नाहीत, तिथे एका जुन्या बंगल्यात मोडलेल्या माणसांना पुन्हा चालायला शिकवायचे. सगळे त्या जागेला नुसतं सांत्र, म्हणजे फ्रेंचमध्ये केंद्र, म्हणायचे. मी तिथला सुतार. माणूस बरा होत आला की मी त्याच्या घरी जाऊन पायऱ्या मोजून यायचो. किती आहेत, केवढ्या उंच, कठडा कोणत्या हाताला. मग तशाच लाकडाच्या करून शेडमध्ये मांडायचो. माणूस त्यांच्यावर चढउतार करायचा आणि एक दिवस घरच्या खऱ्या पायऱ्या चढायला जायचा. कल्पना व्यायाम घेणाऱ्या मिसची, घाम माझा.

अनुसयावहिनी आली ती सत्तावन सालच्या ऊसतोडीत. मजुरांची लॉरी उलटली, तिच्या कमरेचं हाड मोडलं आणि पायांतलं बळ गेलं. वय अठ्ठावीस. ब्रीझे वेर्दिएर गावची, आमच्यातलीच, मराठी. मागे नवरा कृष्णदेव, सासू आणि चार वर्षांची निर्मला. पहिलं वर्ष ती कोणाशी बोलली नाही. भिंतीकडे तोंड करून पडायची. मिसने कितीही समजावलं तरी ही भिंतीलाच ऐकवायची, "मला नाय कायबी करायचं."

तिला उठवलं ते गास्तोंने. गास्तों साखरेच्या गिरणीत एक पाय गमावून आलेला क्रेओल गडी, म्हणजे इथला आफ्रिकी वंशाचा, जिभेचा तिखट. शनिवारी दुपारी शेडमध्ये सगळे वाकवाच्या, म्हणजे केवड्यासारख्या झाडाच्या, पातीच्या टोपल्या विणायला बसायचे आणि हा रावान नावाचा डफ बडवत गायचा. एका गणपतीला आम्ही मातीची वीतभर मूर्ती बसवली. गणपतीतला आमचा फेराचा नाच, झाकरी, नाचायला पाय कोणाचे धड नव्हते, म्हणून बसल्या बसल्या टाळ्या वाजवत गाणी म्हणत होतो. गास्तोंने आमच्या झाकरीला त्यांच्या सेगा नाचाचा ठेका धरला. सगळं चुकत होतं. वहिनी आतून ओरडली, "अरे, असं नाय रे वाजवत!" आणि ठेका दाखवायला ती हातांवर सरपटत बाहेर आली. त्या दिवसापासून ती आमची झाली.

मग मात्र तिने जिद्द धरली. दांड्यांमध्ये उभी राहिली, पायांना लोखंडी पट्ट्या बांधून, कुबड्यांवर. दर पावलाला ओठ चावायची. वाकवाची टोपली तर अशी विणायची की पाणी भरून न्यावं. नव्या बायका आल्या की त्यांना शिकवायची, चुकलं की बोटांवर चापटी मारायची. पण तोंडात एकच धोशा: निर्मला शाळेत जायला लागली, तिची वेणी कोण घालतं?

एकोणसाठ साली मी ब्रीझे वेर्दिएरला जाऊन तिच्या घराच्या पायऱ्या मोजल्या. तीन होत्या, दगडी, सात सात इंचांच्या. तशाच मी केल्या. वहिनीने त्यांच्यावर किती घाम गाळला हे मला विचारा. त्या फळ्या मला दोनदा बदलाव्या लागल्या. साठ साल उजाडेपर्यंत ती तिन्ही चढू लागली होती. तेवढ्यात फेब्रुवारीत ते मोठं वादळ आलं आणि घरच गेलं. पत्रे, भिंती, दारं, सगळं. मोजमाप घेतलेल्या तीन पायऱ्या तेवढ्या उघड्या रानात उभ्या राहिल्या म्हणे. घर बांधून होईपर्यंत तिला इथेच राहू द्या, असं कृष्णदेव सांगून गेला. बरोबरच होतं. बाईला नेणार तरी कुठे?

कृष्णदेव आधी दर रविवारी यायचा. मग महिन्यातून एकदा. मग सणाला. वाईट माणूस नव्हता तो, हे मी आजही म्हणतो आणि म्हणूनच जास्त राग येतो. एका रविवारी तो आला तेव्हा पँटला सिमेंट लागलेलं होतं. आधी वहिनीपाशी बसला; मी जेवून परतलो तेव्हा माझ्या शेडमध्ये उभा होता. लाकडी पायऱ्यांवरून हात फिरवला.

"हरिप्रसाददादा, काम मस्त केलाव. किती चढते ती आता?"

माझ्या जिभेला हाड नाही. वर अंगात फुशारकी. "तीनाच्या जागी चार! एक मीच वाढवून दिली, सवय ऱ्हावी म्हणून."

"आणि पाचवी?"

"पाचवी नाय व्हायची. मिस सांगते, कंबर तेवढंच देनार. पन तुमच्या घराला तीन पुरे की!"

"सांगितलात ते बरं केलाव, दादा," तो म्हणाला आणि मला एक सिगारेट दिली. मी ती चवीने ओढली.

एकसष्टच्या नोव्हेंबरात घर बांधून झालं आणि तिला घरी पाठवायचं ठरलं. सांत्रची रीतच होती की घरी जाणाऱ्याला सगळ्यांनी दारापर्यंत पोचवायचं. लंगडे, थोटे, कुबड्यावाले, सगळी वरात. गास्तों रडला आणि डोळ्यात पाऊस गेला म्हणाला. बायकांनी तिला टोपल्या दिल्या. तिने निर्मलासाठी तांबड्या रिबिनी घेतल्या होत्या, चार दिवस आधीपासून त्या पदरात बांधून फिरत होती. गाडीत मी बरोबर होतो, दाराशी कठडा ठोकून द्यायला; जुन्या तीन पायऱ्या तशाच असतील असं धरून मी पुन्हा मोजायला गेलो नव्हतो.

नवं घर पक्कं, सिमेंटचं, पिवळ्या रंगाचं. आणि दाराशी सात पायऱ्या.

मी पुन्हा मोजल्या. सात. प्रत्येक आठ इंचांची. कृष्णदेव वर ओसरीवर उभा होता. तो वरूनच म्हणाला, "वादळात पाणी घरात शिरलं व्हतं दादा. आता समदेच जोतं उंच घेतात." खरंच होतं. गावातली दहा घरं तशी होती. बोट ठेवायला जागा नव्हती.

त्याच्या मागे दारात एक तरुण बाई उभी होती. बसंती, सासूच्या नात्यातली; वादळानंतर घरकामाला आणली असं गावाला सांगितलेलं. ती पोटुशी होती, सातवा तरी असेल. वहिनीने तिच्याकडे एकदा बघितलं आणि मग पायऱ्यांकडे बघितलं.

ती चढली. कोणी सांगितलं नाही, तरी चढली. एक, दोन, तीन. चौथीवर कुबड्या थरथरायला लागल्या. पाचवीला पाय उचलेना. तीन पायऱ्या वर ओसरीत नवरा उभा, हात खिशात. मला वाटलं आता हा खाली येईल, निदान हात देईल. नाही आला.

निर्मला आली. आठ वर्षांची झाली होती, आईला जवळजवळ विसरलेली. पाचव्या पायरीवर उभी राहून तिने कुबड्यांकडे बघितलं. वेणी घट्ट, नीट घातलेली होती. वहिनीने एक कुबडी माझ्याकडे देऊन तिच्या गालाला हात लावला, पदरातल्या रिबिनी सोडून तिच्या मुठीत दिल्या. आतून आजीने हाक मारली तशी पोरगी वर पळाली.

मी कुबडी वहिनीला परत दिली आणि धावत घराला वळसा घालून आलो. मागे जमीन चढाची, स्वयंपाकघराच्या दाराला एकच पायरी होती, तीही बुटकी. मी ओरडलो, "किस्नदेव, मागनं आना की तिला! एकच पायरी हाय!"

"घरची सून मागच्या दारानं आनू? लोक काय म्हनतील?" कृष्णदेव म्हणाला.

वा रे लोक! पोटुशी बसंती पुढच्या दारात चालते आणि लग्नाची बायको मागच्या दारात चालत नाही. तोंडाने सांगायची हिंमत नव्हती, म्हणून बाप्याने सिमेंटमध्ये सांगितलं. मी आणखी खूप बोलणार होतो. वहिनी म्हणाली, "हरिप्रसादभाव, आले तेवढं पुरे. गाडीत बसवा मला."

खाली उतरायलाच तिला जास्त वेळ लागला.

 सांत्रच्या दारात लोकांनी तिला बघितलं आणि बायकांनी हात देऊन उतरवलं. गास्तोंने फक्त शेडमध्ये तिची जागा पुसून ठेवली. मी दुसऱ्या दिवशी म्हटलं, वहिनी, सात पायऱ्या करतो, मिसला काय कळतं, जमेल हळूहळू. तिने नकाराची मान हलवली. त्यानंतर ती त्या लाकडी पायऱ्यांकडे फिरकली नाही. टोपल्या विणायची, नव्या बायकांना भरवायची. पण भिंतीकडे तोंड करून झोपायचं पुन्हा सुरू झालं. निर्मला एकदा आली, दुसऱ्यांदा तिच्या लग्नाची पत्रिका आली. पत्रिकेवर आईचं नाव होतं, बोलावणं तोंडदेखलं होतं, न्यायला कोणी आलं नाही. सोळाव्या वर्षी दिली पोरगी.

मला मात्र झोप लागत नव्हती. चार हा आकडा मी त्याला दिला होता. मी मूर्खासारखी बढाई मारली नसती तर त्याने कदाचित पाच बांधल्या असत्या आणि ती रडतखडत का होईना चढली असती, असं काहीबाही मनात यायचं. आठ वर्षं मी ते गिळून बसलो. त्या लग्नाच्या दिवशी पाऊस होता. ती खिडकीपाशी एकटी बसली होती, समोर पात तशीच पडलेली. मला राहवलं नाही.

"वहिनी, मला माफ करा. त्यानं मला इच्यारलं व्हतं. किती चढते म्हून. मीच सांगितलं चार, पाचवी नाय जमत."

तिने समोरची पात उचलून सरळ करायला घेतली. मला वाटलं शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तुमी कशाला रडताव, भाव?" ती म्हणाली. "त्यानं त्याच दिशी आधी मलाबी इच्यारलं व्हतं. मीबी चारच सांगितलं. कित्येक महिन्यांनी त्यानं माझ्या पायांचं कायतरी इच्यारलं, म्हून मला एवढा आनंद झाला, भाव, की मी त्याला चढून दाखवलं."