छावणीतले टोपीकर

आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिलाच. कुणाविषयी लिहिण्याइतका मी मोठा नाही. तरी लिहितो, राग नसावा.

आमच्या वसतिगृहाजवळच्या छावणीत जोडे शिवणारे एक काका इंग्रजांना ‘टोपीकर’ म्हणत. इंग्रज गेले, तरी त्यांनी शब्द टाकला नाही. दारी आलेल्याला ‘बसा’ न म्हणणारा कुणीही त्यांच्या लेखी टोपीकरच. स्वतः मात्र गिऱ्हाईक आलं की आपल्या खालचं पोतं काढून पुढे सरकवत.

“तू लई शिकशील. टोपीकर नको होऊ म्हंजी झालं,” ते म्हणाले.

“काका, वसतिगृहावर या. खुर्चीवर बसवतो तुम्हाला.”

त्यांनी हसून माझा फाटका जोडा शिवायला ठेवून घेतला.

दिवाळीची सुट्टी संपवून परतलो, तेव्हा वसतिगृहाच्या फाटकावरच्या शिपायानं माझा शिवलेला जोडा हाती दिला. म्हणाला, “एक म्हातारा तुम्हाला विचारत आला होता. दुपारभर इथंच उभा होता.”