ओळंब्याची उघडी गोणी

आमच्या आळीतल्या गवंड्याला सगळे ओळंबा म्हणत, भिंत सरळ आहे का बघायच्या त्या वजनाच्या दोरीसारखा. सडसडीत, ताठ, आणि बोलणं तर विचारूच नका. लग्नात नवरीच्या मामाने घाबरून विचारलं होतं, "मुलगा मुका आहे का हो?" हा म्हणाला, "नाही." झालं, संपलं! मला अजून हसू फुटतं.

बोलायची ती त्याची बायको, आमची वहिनी. त्याच्या हाताखाली घमेली द्यायलाही तीच. कामावर मात्र दोघांत दोनच शब्द. हा म्हणणार "दे", ती म्हणणार "घे". एवढ्यावर भिंत वर चढायची.

वहिनी गेली. पुढे रस्ता रुंद करताना त्यांचं दोघांनी बांधलेलं मातीचं घर पाडलं आणि ओळंबा आळीतच, माझ्या शेजारी, लेकीकडे राहायला आला. सामान एक ट्रंक, आणि मागून ट्रॅक्टरभर पाडलेल्या भिंतींची माती.

"बाबा, हिचं काय करायचं?"

"वाफे."

लेकीच्या परसात नुसता खडक. तेव्हा वाफे जमिनीवरच उभे करायचे. माती चाळायची, किंचित ओली करायची, खताच्या रिकाम्या गोण्यांत भरायची. तोंड दुमडून गोण्या विटांसारख्या, सांध्यावर सांधा येऊ न देता रचायच्या, धुमसाने ठोकायच्या. दोन थरांच्या मध्ये काटेरी तार, म्हणजे घसरत नाहीत. गोणीचं तोंड धरायला मी. घरात माझ्या गोष्टी ऐकणारं कुणी उरलं नव्हतं ना!

पहिल्याच गोणीला तो सवयीने म्हणाला, "दे."

"घे."

मी तोंड उघडलं नव्हतं. लेक कामावर. आवाज गोणीतून आलेला, ओला, मागे बारीक खोकला. वहिनीला शेवटी तोच खोकला होता. माझ्या हातून गोणी सुटली.

"नीट धर की," ओळंबा म्हणाला. "ती खोळंबलीये."

वाफा उभा राहिला. दुसऱ्या दिवशी बघतो तर याने वरचा थर उतरवलेला. रचला, पुन्हा उतरवला.

"तिरका होता," म्हणे. ओळंब्याचं काम आणि तिरकं! काम संपलं की "दे" म्हणायचं कुणाला, हे त्याचं दुखणं.

इकडे ऊन गोण्या खात होतं. धागे सुटायला लागले. गिलावा झाला नाही तर वाफा फुटणार आणि माती पावसात वाहून जाणार.

"आईच्या हातची माती गटारात गेलेली मला बघवणार नाही," लेक म्हणाली. "बाबा, आज गिलावा."

"उद्या."

"तुमचा उद्या मी लहानपणापासून बघतेय!" तिने स्वतःच चिखलात भुसा तुडवला आणि थापायला लागली. "काका, बघा, जमतंय की नाही?"

जमतंय कसलं! वाफ्याला देवी आल्यासारखं दिसत होतं. ओळंब्याला ते सोसवेना. त्याने थापी हिसकावली.

गिलावा पुढे सरकला तसा तो "घे" दबत गेला, पांघरुणाखालून बोलल्यासारखा. वरच्या थरातली कोपऱ्यातली एकच गोणी उरली. ओळंब्याने थापी खाली ठेवली.

"हिला नको."

"फुटेल ती, बाबा."

"फुटू दे."

फुटलीच. आता तिथली माती रोज थोडी सांडते. ओळंबा सकाळी ती गोळा करतो, नवी गोणी भरतो, "दे" म्हणत कोपऱ्यात बसवतो. वाफ्यात वांगी लागलीत, झकास. आणि कामाला निघालेली लेक दारात चप्पल घालायला भलताच वेळ लावते. चप्पल केव्हाच पायात गेलेली असते.