आज आकाशात मी कुणालाच दिसत नव्हते

मंडळी, कुणाला तरी सांगायचंय, म्हणून लिहिते.

मी शिकाऊ पायलट. आज सकाळी एकटीच विमान घेऊन गेलेले. परतताना विमानतळाच्या नियंत्रित हद्दीत शिरायची परवानगी मागितली. टॉवरवरून उत्तर आलं, "तुम्ही रडारवर दिसत नाही. ट्रान्सपॉन्डर तपासा."

ट्रान्सपॉन्डर म्हणजे आपली जागा आणि उंची रडारला, इतर विमानांना कळवणारं यंत्र. माझं स्टँडबायवरच राहिलेलं, म्हणजे काहीच कळवत नव्हतं. मी ते चालू करत होते, तेवढ्यात एक विमान माझ्या अगदी खालून गेलं. आत बसलेले दोघं मला स्पष्ट दिसले.

उतरल्यावर मला उड्डाण शिकवणारे सर ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "एअरस्पेसचे सगळे क्लास, कुठल्या हद्दीत कुठले नियम, तुला तोंडपाठ आहेत. पण त्या दोघांना तू दिसतच नव्हतीस." चौकशी होईपर्यंत माझं उड्डाण बंद.

दुपारी मोहन्यातल्या घरी आले. आईने विचारलं, "कसं झालं गं आज?"

"मस्त," म्हटलं.

ती लगेच शेजारच्या काकूंना सांगायला गेली. मी बाथरूमचा नळ सोडून रडले.

तिला आजच खरं सांगू, की चौकशी संपल्यावर? तुम्ही काय केलं असतं?