पाच सुवर्णपदकं आणि एक लढत

आजारी माणसाकडे जाताना फळं न्यायची पद्धत आहे, म्हणून मी स्नेहलतागंजच्या कोपऱ्यावरून डझनभर केळी घेतली आणि यशवंत तायडेच्या घरी गेलो. पाटनीपुऱ्यामागच्या त्या दोन खोल्यांत तो पलंगावर उशीला टेकून बसला होता. एके काळी दारातून आत येताना खांदा तिरका करणारा हा माणूस पार चिपाड झाला होता. त्याने पिशवीत डोकावून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि खोकला येईपर्यंत हसला. "सुभाषभिया, अजून माझं वजन वाढवून राहिले का तुम्ही?" मीही हसलो. त्या दिवशी मला त्याला एक गोष्ट सांगायची होती, खरं तर गेली कित्येक वर्षं सांगायची होती. शकुंतलावहिनी चहा घेऊन आल्या, शेजारचे कोणी डोकावले, आणि ती राहून गेली... नवव्या दिवशी सकाळी त्याच्या मुलीचा फोन आला. "काका, बाबा गेले." फोन ठेवल्यावर माझ्या मनात मूर्खासारखा पहिला विचार आला तो त्या केळ्यांचा.

हा केळ्यांचा मामला सांगितल्याशिवाय यशवंत कोण होता ते कळायचं नाही. आम्ही दोघं इंदूरच्या एका कापड मिलमध्ये होतो. माझे पूर्वज संस्थानच्या दरबारात कारकून, मी मिलच्या हजेरीखात्यात कारकून, एवढीच आमच्या घराण्याची प्रगती. शिवाय मी मिलच्या क्रीडामंडळाचा सचिव होतो आणि त्याचा मला नको तितका तोरा होता. यशवंतचे आजोबा आणि वडील महूच्या छावणीत शिपाई. तिथल्याच एका निवृत्त सुभेदारांकडे तो बॉक्सिंग शिकला आणि त्याच जोरावर आमच्या विणाईखात्यात चिकटला. वजन अठ्ठ्याहत्तर किलो, पाय नाचऱ्या घोड्यासारखे. त्याच्या वजनगटात फौजेतली तयार पोरं असायची, पदकाची खात्री नव्हती. पण एक्क्याऐंशी किलोच्या वर गेलं की हेवीवेट, आणि आमच्या भागात हेवीवेट बॉक्सर नव्हतेच. एवढ्या वजनाची माणसं होती, नाही असं नाही, पण ती सराफ्यात जिलबीच्या कढईपाशी सापडायची, रिंगमध्ये नाही. समोर कोणी नसेल तर आपला माणूस न लढताच विजयी. त्याला वॉकओव्हर म्हणतात. मी हिशेब केला, तीन किलो तर वाढवायचं आहे!

म्हणून स्पर्धेच्या सकाळी बाकीचे बॉक्सर वजन उतरवण्यासाठी स्वेटर घालून धावत, घोटभर पाण्याला तरसत, आणि आमचा यशवंत बाकावर बसून पोहे खाई. पोह्यांवर केळी, केळ्यांवर तांब्या तांब्या पाणी. आदल्या दिवशी मी त्याला मिलमध्ये रुईच्या गाठी तोलायच्या काट्यावर उभा करून रंगीत तालीम घेत असे. वजन पास झालं की तो हातमोजे चढवून रिंगमध्ये जाई, एकटाच उभा राही, घंटा वाजे, पंच त्याचा हात वर करत, आणि सुवर्णपदक आमचं. असं सलग पाच वर्षं झालं. सुभेदार एकदा मुद्दाम मिलमध्ये आले आणि मला म्हणाले, "लड़नेवाला लड़का है बाबूजी, इसको खड़ा करके मत रखो." मी त्यांना चहा पाजून वाटेला लावलं. तिसऱ्या पदकानंतर परतीच्या बसमध्ये यशवंत स्वतः म्हणाला, "भिया, एकदा माझ्या वजनात नाव टाका ना. हरलो तर हरलो." मी म्हणालो, पुढच्या वर्षी नक्की. पुढच्या वर्षी मी पुन्हा केळी घेऊन आलो. त्याने मुकाट्याने खाल्ली.

आणि मग शहरात सोव्हिएत बॉक्सरांचा संघ मैत्रीपूर्ण लढतींसाठी आला. आमच्या मैदानावर मांडव पडला, मिलचा बँड आला, दोन पाळ्यांचे कामगार झाडांवर चढून बसले. आम्ही सगळ्यांना सरसकट रशियन म्हणत होतो, पण दुभाष्याने सांगितलं की त्यांचा हेवीवेट पोरगा युक्रेनचा आहे. विशीतला असेल. बसमधून उतरताना त्याला वाकावं लागलं. त्याचं नाव आमच्या कोणाच्या तोंडात बसेना, म्हणून मिलने त्याला तिथल्या तिथे लंबू करून टाकलं. आमच्या बाजूने हेवीवेट म्हणजे अर्थातच पाच पदकांचा मानकरी, पोटात आठ केळी घेऊन उभा असलेला यशवंत तायडे. मी त्याला मांडवामागे नेलं. त्याच्या हातांना पट्ट्या बांधता बांधता म्हणालो, "खांदा दुखावलाय म्हण. डॉक्टरांची चिठ्ठी मी आणतो." तो बोटं फाकवून हात पुढे धरून बसला होता. म्हणाला, "भिया, पाच वेळा मी वॉकओव्हर घेतला. पण मी कोणाला देणार नाही. तुम्ही पट्टी नीट बांधा."

ती लढत मी नीट पाहिलीच नाही, निम्मा वेळ डोळे मिटून होतो. पहिल्या फेरीत यशवंत दोनदा गुडघ्यावर आला. लंबूचा डावा हात लांबून यायचा आणि यशवंत हनुवटी छातीत खुपसून त्याच्याखालून सरकायचा. दुसऱ्या फेरीत त्याचे ते पाय मला पहिल्यांदा दिसले, म्हणजे लढताना दिसले. तिसऱ्या फेरीत तो एकदा आत घुसला आणि त्याने बरगडीखाली असा एक उजवा ठेवून दिला की लंबूचा श्वास आम्हाला बाहेर ऐकू आला. अख्खी मिल उभी राहिली. गुणांवर यशवंत सपशेल हरला, पण शेवटची घंटा झाली तेव्हा तो उभा होता. लंबू खाली उतरला, आपल्या हाताच्या लांबलचक सुती पट्ट्या सोडल्या, यशवंतच्या ओंजळीत ठेवल्या आणि काहीतरी बोलला. दुभाष्या जवळ नव्हता. मी विचारलं, काय म्हणाला रे? सुजलेल्या ओठांनी यशवंत हसला. "मालूम नही भिया. पण मनापासून बोलला."

त्यानंतर काही वर्षांतच मिलच्या फाटकावर टाळेबंदीचा कागद चिकटला. देशात नवं वारं येतंय असं पेपरात छापून येत होतं, आणि इकडे एकेका मिलचा भोंगा बंद पडत होता. आमच्या मालकाचा माणूस बोलणी करायला येणार म्हणून सगळे कामगार सकाळपासून फाटकाशी बसले. यशवंत सगळ्यांत पुढे, स्वच्छ शर्ट घालून. दुपार टळली तरी कोणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. यशवंत माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "समोर कोणी येईल तर लढू ना भिया! यांनी आपल्यालाच वॉकओव्हर देऊन टाकला, पण जिंकलं कोण ते सांगा?" त्याच्या आवाजात कडवटपणा मी प्रथमच ऐकला. मला वाटलं, तो हे फक्त मिलबद्दल बोलत नाहीये. मी मान फिरवली. भेकड होतो मी, दुसरा शब्द नाही.

पुढे शहरात काचेच्या दारांचे हेल्थ क्लब निघाले आणि एकाने त्याला शिकवायला ठेवलं. मालक तरुण, बोलायला गोड. त्याला पाचही सुवर्णपदकं स्वागतकक्षात काचेच्या कपाटात लावायची होती. यशवंतने घरून एक फोटो आणला. त्यात लंबूचा हातमोजा त्याच्या कानावरून जातोय आणि तो खाली वाकलाय. "यशवंतजी, हारा हुआ फोटो कौन लगाता है?" मालकाने विचारलं. यशवंत म्हणाला, "लावायचा तर हाच लावा. इसमें सामने कोई है." महिनाभराने ती नोकरी गेली आणि फोटो परत घरच्या भिंतीवर आला. पुढे एका गोदामावर चौकीदारी मिळाली, तीच त्याने शेवटपर्यंत केली.

तोवर लंबूचा देश वेगळा झाला होता आणि लंबू त्याच्या नव्या झेंड्याखाली जगज्जेता झाला. माझ्याकडे केबल आली होती. रविवारी सकाळी तिकडच्या लढती दिसायच्या आणि यशवंत त्या दिवशी हातोदच्या गोदामावरून रात्रपाळी संपवून थेट माझ्याकडे यायचा. बस म्हटलं तरी बसायचा नाही. उभ्यानेच बघायचा. पडद्यावर लंबूचा डावा हात सुटला की माझ्या दिवाणखान्यात यशवंतची हनुवटी आपोआप छातीला टेकायची. लंबूने पट्टा जिंकला, राखला, मग एका तरण्या पोराकडून मार खाऊन गमावला. त्या सकाळी यशवंतने पोह्यांना हात लावला नाही. "थकला बिचारा," एवढंच म्हणाला. फार पुढे त्या देशात युद्ध पेटलं तेव्हा तो रोज मला फोन करून विचारायचा, पेपरात काही आलंय का? त्याच्या बोलण्यात लंबू हा कुणी परदेशी माणूस नव्हताच. तीन फेऱ्यांची ओळख, पण आमच्या मिलमधल्या कोणाही सोबत्याइतकी पक्की. रविवारच्या त्या सगळ्या सकाळी मी फार सुखात होतो, आजही त्या आठवल्या की बरं वाटतं. आणि दर रविवारी वाटायचं, आज बोलून टाकावं.

परवा, तेही रविवारीच, वहिनींकडे गेलो. भिंतीवर तोच फोटो. दोरीवर लंबूच्या त्या जुन्या पट्ट्या वाळत होत्या. पिवळ्या पडलेल्या, कडा उसवलेल्या. दर रविवारी यशवंत त्या स्वतःच्या हाताने धुवायचा, आता वहिनींनी धुतल्या होत्या. "भिया, धुवून तर टाकल्या, पण गुंडाळायच्या कशा ते नाही समजत. ते कोणाला हात लावू द्यायचे नाहीत." मी खुर्ची ओढून बसलो आणि मांडीवर पट्टी सरळ करू लागलो. मान वर न करता मी त्यांना सगळं सांगितलं. सुभेदार, बसमध्ये दिलेला तो शब्द, पुढचं वर्ष जे मी कधी येऊच दिलं नाही. माझ्या केळ्यांनी त्याची सगळी उमेदीची वर्षं खाल्ली, असं म्हणालो, आणि मला रडू आलं.

वहिनी म्हणाल्या, "राग होता त्यांना तुमचा. खूप होता. खोटं कशाला बोलू? पण म्हणायचे, त्या दिवशी पट्टी बांधताना सुभाषभियांचे हात थरथरत होते. माझ्यासाठी कोणाचे हात असे थरथरले नव्हते."

मी डोळे पुसले. शेवटच्या टोकापासून सुरुवात करून, ताण देत, एकेक वेढा घट्ट घेत पट्टी गुंडाळली. अंगठ्यात अडकवायचा फास सगळ्यांत शेवटी, बाहेर ठेवला. पुढच्या वेळी बांधायला सोपं जातं.