डिसेंबरातला कूलर

वऱ्हाडातली एक प्राचीन हस्तकला गेल्या वर्षीच्या मे महिन्यात, अमरावतीत, माझ्या घराच्या मागच्या खोलीत सुरू झाली. ती सुरू झाली तेव्हा मी तिथेच होते, म्हणून खात्रीनं सांगते.

मी रेशमावर हातानं रंगकाम करते. पोटासाठी नाही. पोटासाठी मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे. दिवसभर काचपट्ट्यांवर रंग चढवायचा, धुवायचा, सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं आणि दिसलं ते लिहायचं. घरी आल्यावर तेच काम रेशमावर. पातळ पांढरं रेशीम लाकडी चौकटीवर ताणायचं, डिंकासारख्या द्रावणानं रेघा काढायच्या आणि रेघांच्या आत रंग सोडायचा. रंग रेशमात आपोआप पसरतो आणि रेघेशी येऊन थांबतो. सगळं वाळलं की कापड वर्तमानपत्रात गुंडाळून मोठ्या गंजात तासभर वाफवायचं, म्हणजे रंग पक्का बसतो. पहिल्यांदा वाफवलं तेव्हा नवऱ्यानं ढोकळा समजून झाकण उघडलं होतं. आता तो विचारून उघडतो.

मे महिन्यात अमरावतीत अडचण अशी होते की रंग पसरायच्या आधीच वाळतो. म्हणून मी चौकट कूलरसमोर मांडायची. त्या वर्षी कूलरची खस नवी होती, पंपही नवा होता, आणि मेकॅनिकनं तो असा काही बसवला होता की वाऱ्याबरोबर पाणीही खोलीत यायचं. मी दूध उतरवायला गेले. परत येऊन पाहते तर निळ्या स्टोलवर जागोजाग पांढरे गोल ठिपके, प्रत्येकाला गडद कडा. रेशमाला कांजिण्या झाल्यासारख्या.

तेव्हा मी एका ऑनलाइन कारागीर समूहात होते. रेशीम रंगवणाऱ्या, लाकूड कोरणाऱ्या, क्रोशा विणणाऱ्या महाराष्ट्रभरच्या बाया तिथे आपलं काम टाकायच्या. त्या समूहात कुणी काही बनवत नसे, सगळ्या व्यक्त होत असत. कुणाचा टेबलक्लॉथ नसायचा, प्रवास असायचा. एकीनं रेशमावर मोर काढून टाकला होता. मान फार आखूड झाली आहे, एवढंच मी लिहिलं. लगेच समूह चालवणाऱ्या बाईंचा मला खासगी संदेश आला: "ताई, आपण इथे मापं काढत नाही, अनुभवतो." त्या मोरावर बदामांचा पाऊस पडला. मला तो शेवटपर्यंत कोंबडीच वाटला.

तरी मी आपल्या कांजिण्यांचा फोटो टाकला. खाली लिहिलं, "बिघडलं आहे. वाफवण्याआधी काही उपाय असेल तर सांगा."

उपाय कुणीही सांगितला नाही. "शब्दच नाहीत," असं एकीनं लिहिलं आणि पुढे सहा ओळी लिहिल्या. चालक बाई म्हणाल्या, "याला बिघाड म्हणू नका. हा रेशमाचा आणि पाण्याचा संवाद आहे." दुसऱ्या एकीनं या पद्धतीचं नाव विचारलं. मी लिहिलं, "नाव नाही, कूलरचं पाणी उडालं आहे." त्यावर चालक बाईंनी बदाम टाकला आणि लिहिलं, "किती ही विनम्रता!"

आठवड्याभरात त्यांचा मोठा लेख आला. या कलेचं नाव थेंबकाम असं ठेवण्यात आलं होतं. ती वऱ्हाडातली, लुप्त होत चाललेली, आईकडून लेकीकडे जाणारी कला होती. रुक्मिणीचं माहेर कौंडण्यपूर, ते वर्धा नदीच्या काठी. तेव्हा तिच्या शेल्यावर नदीचे तुषार पडून हे ठिपके प्रथम उमटले असावेत, असा अंदाज त्यांनी बांधला होता. खाली माझा फोटो. त्याच्याखाली एका बाईंनी लिहिलं होतं, "माझ्या आजीच्या पेटीत अगदी असंच उपरणं होतं. अकोटला. डोळे भरून आले." मग काय, त्या आठवड्यात वऱ्हाडातल्या पंधरा-वीस आज्यांच्या पेट्या उघडल्या, आणि प्रत्येकीत थेंबकाम निघालं.

मी तेव्हाच ठासून सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. खोटं कशाला बोलू, आठवडाभर मला बरं वाटलं. लॅबमध्ये कुणी माझ्या रंगकामाला बदाम देत नाही.

पावसाळा आला, कूलर झाकला गेला, मी पुन्हा पानंफुलं रंगवू लागले. प्रकरण तिथेच मिटलं असतं, पण माझी थोरली बहीण अकोल्यात असते, आणि दसऱ्यानंतर तिच्या मुलीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, झालं. मुलगा पुण्याचा. त्याची आई, म्हणजे आता ताईची विहीण, मूळची अकोट तालुक्यातली, पण तीस वर्षांपासून पुण्यात. बोलणं इतकं घासूनपुसून की आम्ही दोघी तिच्यासमोर तोंड उघडायच्या आधी विचार करायचो. साक्षगंधाला तिनं ताईच्या घरचा चमचासुद्धा उलटा करून पाहिला. जेवताना ताईला म्हणाली, "तुमच्याकडे अजून 'मले-तुले' चालतं का हो? गोड वाटतं ऐकायला." ताईनं त्यानंतर पोळी हवी का हेसुद्धा तोंडानं विचारलं नाही, खुणेनंच विचारलं.

मग बोलता बोलता विहीणबाईंना कळलं की मी कोण. त्या ताडकन उठल्या आणि माझे दोन्ही हात धरले. "थेंबकामवाल्या ताई तुम्ही?" अकोटच्या आजीचं उपरणं त्यांचंच होतं.

त्या दिवसापासून ताईचा भाव वाढला. विहीणबाई पुण्यात चार लोकांत सांगू लागल्या की आमची सून परंपरा असलेल्या घरातली आहे. मग निरोप आला: डिसेंबरअखेर लग्न, तेव्हा सुनेच्या खांद्यावर थेंबकामाचा शेला हवा. आणि तो रंगवताना त्या स्वतः अमरावतीला येऊन बघणार, समूहासाठी चित्रीकरणही करणार.

मी ताईला फोन करून म्हटलं, मी त्यांना खरं काय ते सांगून टाकते.

"माय वं!" ताई ओरडली. "तुले काय करायचं हाये? ते म्हणून राहिली परंपरा, तं असू दे ना परंपरा! तुहं काय जाते?"

"कूलर आहे तो, ताई."

"असन! माह्या पोरीले त्या घरात चाळीस वर्षं काढायचे हायेत. पयल्यांदा त्या बाईनं आपल्याले माणसात धरलं. तू आता कूलर मधात आणू नोको."

आमच्या लॅबमध्ये एक साधा नियम आहे. काचपट्टी नीट धुतली नाही तर रंगाचा गाळ बसतो, आणि तो हुबेहूब जंतूसारखा दिसतो. त्याला डाग म्हणायचं असतं. जंतू म्हटलं की धडधाकट माणसाला औषध सुरू होतं. हे मी ताईला सांगितलं. ताई म्हणाली, "माही पोरगी काय काचपट्टी हाये?" आणि फोन ठेवला.

तिच्यासाठी म्हणून मी कूलरशिवाय थेंब पाडायचा प्रयत्न केला. टूथब्रशनं शिंपडलं, तर राख उडाल्यासारखं दिसलं. शेजाऱ्यांकडून कपाशीच्या फवारणीचा पंप आणला, धुऊन घेतला. त्यानं नुसतं दव पडलं. कूलरचे थेंब लहानमोठे, तिरपे येतात, आणि खोलीतल्या ओलाव्यानं त्यांच्या कडा मऊ राहतात. ते दुसऱ्या कशानं जमेना. सहा मीटर रेशीम वाया गेल्यावर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी कूलरवरचं झाकण काढलं आणि टाकी भरली.

नवरा कानटोपी घालून दारात उभा राहिला. "काय करून राहिली?"

"शेला."

"शेजारी इचारून राहिले, तुमच्या घरात कोणाले ताप आला का?"

"सांग, कला आली आहे."

विहीणबाई यायच्या त्या सकाळी ताई पहिल्या गाडीनं बडनेऱ्याला उतरून घरी हजर झाली. हातात मोठी चादर आणि आंब्याचा टहाळा. चादर कूलरवर टाकायला. टहाळा मला.

"तांब्याच्या लोट्यात पाणी घे, अन् आंब्याच्या पानानं शिंपड. पूजेसारखं. पाहाले बी चांगलं दिसते."

मी तिच्यासमोर एक तुकडा ताणला, रंग दिला आणि पानानं पाणी शिंपडलं. मोठे ओघळ खाली गेले. कापडावर बसून कुणी रडलं असावं असं दिसत होतं.

ताई खाटेवर बसली. "मंग सांग तू," ती म्हणाली. "पण ते परत गेली तशीच, अन् उद्या माह्या पोरीले बोलली, तं मी तुह्या दारात येईन नाही."

हे ती रागानं बोलली नाही. रागानं बोलली असती तर मला सोपं गेलं असतं. मी चादरीची घडी करून तिच्या मांडीवर ठेवली.

अकराच्या सुमारास विहीणबाई आल्या. रेशमी साडी, बिनबाह्यांचं ब्लाउज, हातात मोबाइलची तिपाई. मागच्या खोलीत शेला ताणून तयार होता, हळदी आणि डाळिंबी रंगाचा, अजून ओला. त्यांनी तिपाई लावली, पदर सारखा केला आणि मोबाइलकडे बघून सुरुवात केली, "नमस्कार. आज आपण वऱ्हाडातल्या एका लुप्त होत चाललेल्या..."

"थांबा," मी म्हटलं. "आधी बघून घ्या." आणि कूलरचं बटण दाबलं.

कूलर खडखडला, पंपानं पाणी ओढलं आणि वारा सुटला. डिसेंबरातला वारा, त्यात पाणी. शेल्यावर थेंब पडू लागले, एकेक फुलत गेला. कॅलेंडर भिंतीवर आपटू लागलं. ताई त्या कॅलेंडरकडे असं बघत होती की जणू तिला एकादशी शोधायची आहे.

"हे काय आहे?" विहीणबाईंनी विचारलं.

"थेंबकाम."

"म्हणजे हा कूलर...?"

"खस, पंप आणि एक गचाळ मेकॅनिक. बाकी परंपरा नाही. मी समूहावर तेव्हाच लिहिलं होतं, कुणी मानलं नाही. नंतर मीही गप्प बसले, ती माझी चूक. माझ्या ताईचा यात काही दोष नाही आणि मुलीचा तर मुळीच नाही. बोलायचं ते मला बोला."

 थेंब विहीणबाईंच्या दंडावरही पडत होते. त्यांनी मोबाइल खाली घेतला, पदर खांद्याभोवती ओढला, आणखी ओढला, आणि शेवटी एकदम म्हणाल्या, "बंद करा ना बाई तो! मले थंडी वाजून राहिली!"

मी बटण बंद केलं.  तीस वर्षं घासूनपुसून ठेवलेलं पुणं एका झोतात गेलं होतं, आणि हे त्यांच्याही लक्षात आलं होतं. ताईनं आधी तोंडावर चादर धरली. मग ती हसायला लागली, आणि मला वाटलं, आता संपलं सगळं. पण विहीणबाईही चादरीचं दुसरं टोक अंगाभोवती घेऊन तिच्याशेजारी खाटेवर बसल्या.

नवऱ्यानं चहा आणला. अर्धा कप पोटात गेल्यावर त्या म्हणाल्या, "माझ्या आजीचं उपरणं पांढरं होतं. नुसतं पांढरं. एका कोपऱ्यात हळदीचा डाग होता."

"मग तसं का लिहिलंत?"

"सगळ्या इतकं छान छान लिहीत होत्या."

ताईनं त्यांच्यापुढे चिवड्याची ताटली सरकवली. "घ्या ना बाई. खाऊन पाहा." साक्षगंधापासून पहिल्यांदाच ती विहिणीशी पूर्ण वाक्य बोलली.

"शेला पूर्ण करू की नको?" मी विचारलं.

"करा. पण पुन्हा तो लावण्याआधी मला स्वेटर द्या."

त्याच दिवशी मी चालत्या कूलरचं चित्रीकरण समूहावर टाकलं आणि चार ओळींत सगळं लिहिलं. अर्ध्या तासात ते काढून टाकण्यात आलं. चालक बाईंनी कळवलं की मी समूहाची ऊर्जा बिघडवली आहे, आणि मलाही काढलं. थेंबकाम मात्र राहिलं. जानेवारीत त्याची ऑनलाइन कार्यशाळा झाली. तिच्यात तांब्याच्या लोट्यातलं पाणी आंब्याच्या पानानं शिंपडायला शिकवलं, असं विहीणबाईंनी सांगितलं. ते ऐकून ताई म्हणाली, "पाह्य! म्या सांगतलं होतं!"

लग्न अकोल्यात झालं. भाचीच्या खांद्यावर शेला होता. पुण्याच्या एका पाहुणीनं ठिपक्यांना हात लावून विचारलं, हे कुठलं काम म्हणायचं. मी बघत होते. ताईही बघत होती, हातातलं अक्षतांचं ताट तसंच धरून. विहीणबाई म्हणाल्या, "सुनेच्या मावशीच्या कूलरचं. त्या कूलरसमोर मी उभी होते, अजून सर्दी गेली नाही." ताईनं ताट खाली ठेवलं.

एप्रिलमध्ये कूलर बाहेर निघाला. यंदाचा मेकॅनिक वेगळा होता. "ताई, हे तं पाणी फेकून राहिलं. बंद करून देऊ?" मी म्हटलं, कर. त्यानं पंप सरळ केला. दहा मिनिटांचं काम.

त्या आठवड्यात विहीणबाईंचा फोन आला. भाचीबद्दल बोलल्या: सकाळी उठते उशिरा, पण भाजी चांगली करते. दोन्ही गोष्टी तिच्या तोंडावर सांगून झाल्या होत्या, आणि भाचीनंही त्यांना सांगितलं होतं की तुमची आमटी गोड असते. मग मीच म्हटलं, "आता थेंब बंद झाले. मेकॅनिकनं कूलर दुरुस्त केला."

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "ते ठिपके मला पहिल्या दिवसापासून आवडले नव्हते."

हे एवढं एक वाक्य त्यांनी गेल्या वर्षीच्या मे महिन्यात समूहावर लिहिलं असतं, तर माझं सहा मीटर रेशीम वाचलं असतं.