अर्धा सोडलेला शब्द

अंबरनाथ पूर्वेला, बाजारामागच्या गल्लीत चिंतामणी राहतात. केमिकल कंपनीत अधिकारी होते, पण खरा जीव इंग्रजी शब्दांत! निवृत्त झाल्यावर संध्याकाळी गल्लीतली मुलं जमवायची आणि मटार सोलावेत तसे शब्द सोलत बसायचं. ‘स्पेक्ट’ म्हणजे पाहणं. आत डोकावून पाहतो तो इन्स्पेक्टर. आणि रिस्पेक्ट? ‘री’ म्हणजे मागे. ज्याच्याकडे पुन्हा वळून पाहावंसं वाटतं, त्याचा रिस्पेक्ट! स्वयंपाकघरातून त्यांच्या बायकोचा, पद्मजाबाईंचा आवाज यायचा, "अहो, शब्दांची हाडं मोजून झाली असतील तर दूध आणा!"

मग एका सकाळी मेंदूत गुठळी झाली. हातपाय वाचले, देवाची कृपा. वाचा मात्र गेली.

आता दुपारी ते खिडकीपाशी आरामखुर्चीत पडून असत. शब्द यायचे, पण तुकड्यांनी. ‘प्री’ उन्हाच्या तिरिपेत तरंगायचा. ‘ट्रान्स’ गच्चीवरून उडत मलंगगडाकडे निघून जायचा. बाकीचं सगळं खोल, चिखलोली धरणाच्या तळाशी असावं तसं मंद हलत राहायचं. छान वाटायचं हो तिथं, अगदी झोपेत पोहल्यासारखं. पण हात घातला की पाणी गढूळ व्हायचं. इंग्रजी जाऊ दे चुलीत; बायकोचं नाव त्या पाण्यातून वर येईल की नाही, या एकाच भीतीनं त्यांचा जीव कासावीस व्हायचा.

स्पीच थेरपिस्ट म्हणाली, "काकू, त्यांना नावानं हाक मारा. शब्द अर्धा सोडा, पुढचा त्यांना म्हणू द्या."

झाली का पंचाईत! लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच नाव. पुढचा अख्खा संसार ‘अहो’वर झालेला. "या वयात नवऱ्याचं नाव घेऊ? जीभ तरी वळेल का मेली!" पद्मजाबाईंनी चहाचा ‘च’ म्हणून पाहिला, दुधाचा ‘दू’ म्हणून पाहिला. चिंतामणी नुसते बघत राहिले.

एकदा शेजारची इरा दारातून डोकावली. "काका परत कधी शिकवणार?"

"शिकवतील हं," असं म्हणून पद्मजाबाई आत गेल्या. भांडी उगाचच वाजू लागली. त्या आवाजाआड त्या रडताहेत, हे चिंतामणींना कळलं. फार वाईट वाटलं त्यांना.

थोड्या वेळानं त्या डोळे पुसत आल्या. दार लोटलं. देव्हाऱ्याकडे एकदा बघून घेतलं, शेजारी बसून त्यांचा हात हातात घेतला, आणि नव्या नवरीसारख्या लाजत म्हणाल्या, "चिंता..."

तळाशी काहीतरी हललं. शब्द अर्धाच आहे, एवढं चिंतामणींना लख्ख कळलं.

"म... मणी."

पद्मजाबाईंच्या डोळ्यांना धार लागली. पण चिंतामणी थांबेनात. "पद्..." पुढचं सांगायला पद्मजाबाईंनी तोंड उघडलं, आणि पटकन पदर तोंडावर दाबून धरला.

"पद्... मजा."

"आले हं!" स्वयंपाकघरातून द्यावी तशी त्यांनी मोठ्यानं ओ दिली. चिंतामणींचा हात अजून त्यांच्या हातातच होता.