पुष्पाताई आणि एक न सापडलेला पंप

पुष्पाताई थूल यांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्यांनी माझं नाव विचारलं नाही. वर्ध्याच्या एमआयडीसीत आमचा छोटा कारखाना आहे. तिथे कूलरचे पंप तयार होतात. मी नालवाडीहून सायकल दामटत पहिल्या दिवशी कामावर पोचले, तर दारातच एका ठेंगण्या बाईंनी मला अडवून विचारलं, "जेवली का? रातच्याले झोप झाली का?" मला वाटलं, कोणी मायाळू मावशी दिसतात. मी मोकळेपणाने सांगून टाकलं की नव्या नोकरीच्या धसक्याने डोळ्याला डोळा लागला नाही. त्या मावशी म्हणजे आमच्या सुपरवायझर होत्या. त्या दिवशी त्यांनी मला सोल्डरिंगच्या टेबलाजवळ फिरकू दिलं नाही, दिवसभर खोकी चिकटवायला बसवलं. संध्याकाळी मी रडवेली होऊन घरी गेले.

हा प्रश्न त्या रोज प्रत्येकीला विचारतात, हे पुढे कळलं. झोप न झालेल्या हाताचा टाका कच्चा राहतो, असं त्यांचं म्हणणं. विदर्भाबाहेरच्या वाचकांना कदाचित ठाऊक नसेल, पण आमच्याकडे होळी झाली की घरोघरी माळ्यावरून कूलर उतरतात. पत्र्याची पेटी, खाली पाण्याची टाकी आणि त्या पाण्यात बुडालेला मुठीएवढा पंप. पाणी, पत्रा आणि वीज यांना एका पेटीत नांदवायचं काम आम्ही करतो. दर उन्हाळ्यात कुठे ना कुठे कूलरचा शॉक लागून माणूस दगावल्याची बातमी येते. ती वाचली की ताईंचा चहा तसाच निवतो. पंप कोणत्या कंपनीचा होता हे कळेपर्यंत त्या कोणाशी बोलत नाहीत.

ताई काळजी करतात, एवढंच त्यांचं वर्णन केलं तरी गौरवग्रंथातला हा लेख पुरा होईल. लग्नकार्याला बोलावलं तर त्या वधूवरांना भेटण्याआधी मांडवातल्या कूलरमागे जाऊन प्लग बघतात. एकदा माझ्याच चुलतबहिणीच्या लग्नात त्यांनी ऐन मंगलाष्टकांत दोन कूलर बंद करायला लावले. वरपक्ष घामाघूम झाला आणि मांडववाल्याचं तोंड पाहण्यासारखं झालं. घरचे माझ्यावर चिडले. ताई मात्र वायरचा उघडा जोड पट्टीने गुंडाळून, कूलर पुन्हा सुरू करून, मग शांतपणे अक्षता टाकायला आल्या.

ही काळजी यंत्रापुरती असती तर त्यांना आम्ही नुसतं कडक म्हटलं असतं. एकदा आमच्यातल्या ज्योतीचा मुलगा तापाने फणफणून सरकारी दवाखान्यात होता आणि ती कोणाला न सांगता कामावर आली होती. ताईंनी तिचा चुकणारा हात पाहिला, खोदून कारण विचारलं आणि तिला उठवलं. "जाय माय, लेकराजवळ बस. तुह्या हाताचं काम मी करतो," म्हणाल्या आणि साठीकडे झुकलेल्या त्या बाई दिवसभर तिच्या स्टुलावर बसून वायरी सोलत राहिल्या. संध्याकाळी डबा घेऊन दवाखान्यातही गेल्या. ताईंना ज्योतीची जास्त काळजी होती की तिच्या हातून होणाऱ्या जोडणीची, हे आम्ही कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनाही सांगता आलं नसतं.

आता त्या प्रसंगाकडे येते, ज्याच्यासाठी मला हा लेख लिहायला बसवलं आहे.

दोन उन्हाळ्यांपूर्वीची गोष्ट. ऐन हंगाम होता, दुकानदारांचे फोन थांबत नव्हते आणि दिवसभर लाईट ये-जा करत होती. पंपातली तारेची गुंडाळी आम्ही रेझिन ओतून बंद करतो आणि ते भट्टीत घट्ट होऊ देतो, म्हणजे आत पाणी शिरत नाही. त्या दिवशी भट्टी मधून मधून थंड पडत होती. माल निघाला तेव्हा मी पाण्यात बुडवून प्रत्येक पंपाला वीज गळते का ते दाखवणारा मीटर लावला. सगळे पास झाले. मीटरनंतर रेझिनमध्ये नख रोवून बघायची ताईंची जुनी सवय. त्यांनी वरच्या ताटांतले पंप दाबून पाहिले. ते कडक होते. ताईंनी मान डोलावली आणि पहाटे माल गाडीत चढला.

सकाळी टेबलावर त्याच खेपेतला एक पंप मागे राहिलेला दिसला. तो भट्टीच्या मधल्या ताटातला होता. ताईंनी सवयीने नख लावलं आणि नख आत गेलं.  खुर्ची ओढून बसल्या, पुन्हा दुसऱ्या जागी नख लावलं, आणि सरळ मालकांच्या केबिनमध्ये गेल्या. त्यांच्या मागोमाग मीही गेले, कारण मीटर माझा होता.

"मालक, कालचा माल परत आणा लागते," ताई म्हणाल्या. "रेझिन मऊ राह्यलं हाये. पास मीच केला."

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, मीटरवर सगळे पास होते. "मग काऊन जीव खाऊन राह्यल्या ताई?" मालक म्हणाले. "हंगामात माल मागे घेतला तर दुकानदार पुढच्या साली उभा करन का आपल्याले?"

"मीटर दोन मिनिटं पाण्यात राह्यते, मालक. पंप आख्खा उन्हाळा राह्यते."

 मालकांचं भय खोटं नव्हतं. कारखाना बसला असता तर आम्ही सगळ्याच घरी बसलो असतो. ताई तिथेच उभ्या राहिल्या. शेवटी मालकांनी गाडीची चावी टेबलावर ठेवली आणि नवे पंप सोबत न्या म्हणाले.

माल नागपूर-अमरावती हायवेवरच्या कारंज्याला गेला होता, घनश्यामभाऊंच्या दुकानात. आम्ही पोचेपर्यंत दुपार झाली. हायवेवर ऊन नुसतं भाजून काढत होतं, आणि तेवढ्या उन्हात कूलरचा पंप दुकानात पडून राहील कशाला? निम्मा माल विकला गेला होता. दुकानातला उरलेला आम्ही गाडीत टाकला. घनश्यामभाऊ डोकं खाजवत एकेक गिऱ्हाईक आठवत गेले. कोणाचा फोन लागला, कोणाचं नुसतं गाव कळलं. गावोगाव ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून पुकारा करवला. बहुतेकांनी मुकाट्याने पंप दिला. एक आजोबा मात्र कूलरपुढे खाट टाकून बसले होते, ते हटेनात.

"चालून राह्यला नं बाई चांगला. काऊन काढता?"

"बाबाजी, चालते म्हणूनच काढून राह्यली," ताई म्हणाल्या. "बंद पडला असता तं धावत आली नसती."

"मंग म्या या उन्हात काय करू?"

ताईंनी पदर खोचला, प्लग काढला, जमिनीवर बसून नवा पंप स्वतःच्या हाताने बसवला आणि जाताना त्यांच्या भिंतीतलं अर्थिंगही तपासून दिलं. आजोबांनी मग आम्हाला ताक पाजलं.  प्रत्येक दारात शिरताना मला वाटायचं, इथे काही झालेलं तर नसेल?

तिसऱ्या दिवशीपर्यंत सगळे पंप आले, एक सोडून.

त्या एका गिऱ्हाइकाबद्दल घनश्यामभाऊंना एवढंच आठवत होतं: मोटारसायकलवर नवरा-बायको होते, गाडी बंद न करताच पंप घेतला आणि गेले. अमरावतीकडे गेले की नागपूरकडे, हे सांगता येईना. "बाईच्या कडेवर लेकरू होतं," ते म्हणाले. हे त्यांनी सांगायला नको होतं, असं मला अजून वाटतं. ताईंनी ढाब्यांवर विचारलं, पेट्रोल पंपावर विचारलं, आजूबाजूच्या तालुक्यांतल्या कूलर दुरुस्त करणाऱ्यांना फोन केले. मोटारसायकलवरच्या नवरा-बायकोंना काय, या रस्त्यावर तोटा आहे?

परत आणलेले पंप आम्ही कारखान्यात मोठ्या टाकीत बुडवून ठेवले. उन्हाळाभर ते पाण्यातच होते. बरेचसे ठणठणीत राहिले. काहींत पाणी शिरलं आणि मीटरचा काटा पडला, म्हणजे वीज बाहेर गळू लागली. पहिला काटा पडला तेव्हा मालक शेजारी उभे होते. त्यांनी ताईंना नमस्कार केला आणि केबिनमध्ये निघून गेले. आम्हाला वाटलं, आता तरी ताईंचा जीव भांड्यात पडेल. पण त्या हिशेब उलटा करत होत्या. काहींत पाणी शिरलं, म्हणजे त्या एकातही शिरू शकतं.

तेव्हापासून भट्टीच्या प्रत्येक ताटातला पंप तपासला जातो, लाईट गेली तर भट्टी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. याचं श्रेय ताईंचं आहे आणि ते या ग्रंथात इतरांनीही दिलं आहे. येत्या हंगामापासून त्यांच्या जागी मला बसायचं आहे. मी स्वभावाने आधीच घाबरट, त्यात ही खुर्ची. ताईंना तसं सांगितलं तर म्हणाल्या, "भेव वाटते नं? मंग होईन तुह्याच्यानं." मला त्याने धीर आला नाही, पण मी हो म्हटलं.

ताईंची साठी आणि निवृत्ती एकत्र साजरी करून गौरवग्रंथ काढायचं ठरलं तेव्हा त्यांनी चक्क नकार दिला. सत्कार समितीचे लोक दोनदा हात हलवत परतले. तिसऱ्यांदा मला पाठवलं. ताई अंगणात पापड वाळत घालत होत्या. म्हणाल्या, "हे पुस्तक किती गावात जाईन?" मी म्हटलं, आपले सगळे दुकानदार, मेकॅनिक, नातेवाईक, जिल्ह्यातली वाचनालयं. त्यांनी हात पुसले. "मंग काढा. माह्या कौतुकाचं काय लिहायचं ते लिहा. पण त्या पंपाचं लिहिजो."

समितीत कुरबुर झाली. गौरवग्रंथात बिघडलेल्या मालाची गोष्ट कशाला, असं काहींचं मत पडलं. मालकांनी हा मजकूर वाचला आणि एकही ओळ कापली नाही. गौरवग्रंथ लोक मधून चाळतात आणि लेखाचा शेवट तेवढा वाचतात, म्हणून मी विनंती इथे ठेवली आहे.

वाचकहो, दोन उन्हाळ्यांपूर्वी तुम्ही कारंज्याहून कूलरचा पंप घेतला असेल, किंवा तुमच्या मेव्हण्याने, शेजाऱ्याने, भाडेकरूने घेतला असेल, तर कृपा करून बघा. काळी वायर मिळत नव्हती म्हणून तेवढ्या एका खेपेला आम्ही पिवळी वायर लावली होती. आधी प्लग काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. मगच टाकीत हात घाला. वायर पिवळी असेल तर तो पंप लावू नका, माळ्यावरही ठेवू नका, कारण कोणीतरी तो पुन्हा उतरवतं. ज्या दुकानातून घेतला तिथे नेऊन द्या, नवा मिळेल. कडेवरचं ते लेकरू आता घरभर चालत असेल, आणि कूलरच्या टाकीपर्यंत त्याचा हात पोचत असेल.

पुष्पाताईंना उत्तम आरोग्य आणि भरपूर आयुष्य मिळावं, असं आम्हा सगळ्यांच्या मनात आहे. परवा तसं त्यांना म्हटलं तर त्यांनी मला अडवलं. म्हणून आधी त्या लेकराला शंभर वर्षं मागते, आणि मग ताईंना.